देह परक्याचा, तयारी कुणाची?



दत्तजयंतीच्या अंकात मरणाचा विषय काढला म्हणून काही वाचक नाराज होतील. पाळणा म्हणायच्या दिवशी तिरडीच्या गोष्टी कशाला, असं आमच्या घरीसुद्धा म्हणून झालेलं आहे. पण आपलं दैवत अंगाला भस्म लावणारं. गाणगापूरच्या भस्माच्या डोंगरावरची विभूती आपण पुडीत बांधून आणतो, दर गुरुवारी कपाळाला लावतो. पूर्वीच्या यज्ञांची ती राख, अशी श्रद्धा आहे. राख कपाळावर चालते आणि आपल्या देहाची राख होणार हे बोलायला मात्र अशुभ वाटतं, याचा विचार मी सत्तरी ओलांडेपर्यंत केला नव्हता.

प्रश्न असा. आपल्या अंत्यविधीचं आपणच आधी ठरवून ठेवावं का? काही म्हणतात, नको, मरणाला बोलावणं कशाला धाडायचं. दुसरा आक्षेप जाणत्या मंडळींचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, देह पडल्यावर त्याचं काय होतं याची काळजी करणं हीच देहासक्ती. ज्याला वैराग्य आलं तो लाकूड की वीज हे ठरवत बसत नाही. मलाही बरीच वर्षं हे पटत होतं. आता पटत नाही, आणि त्याला कारण माझ्या वडिलांचं जाणं.

वडील १९९६ च्या श्रावणात पुण्याला धाकट्या भावाकडे गेले. आपल्या पश्चात काय करायचं याबद्दल ते आयुष्यात एक अक्षर बोलले नव्हते. मी कोल्हापूरहून निघालो, पण पावसाची झड लागलेली, खंबाटकीत गाडी अडकली. लाकडं ओली आहेत, उगाच हाल होतील, असं चार माणसांनी सांगितलं म्हणून भावानं वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीत दहन केलं. मी पोचलो तेव्हा मंडळी आंघोळ करून परतली होती.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड मांडला. कावळा शिवेना. सगळ्यांनी पुढं होऊन सांगून पाहिलं, आईचं बघू, बहिणीच्या पोरीचं लग्न करू. कावळे झाडावर बसून होते. तासाभरानं माझा संयम सुटला आणि भरल्या घाटावर, गुरुजींसमोर, मी भावाला म्हणालो, "वडिलांना यंत्रात घातलंस, म्हणून शिवत नाहीत ते." शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. भाऊ एक शब्द बोलला नाही. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही.

त्या दिवशीही पाऊस होता आणि पावसात कावळा झाडातून सहसा उठत नाही, हे मला फार उशिरा सुचलं. २००५ ला आई माझ्याकडे गेली. भाऊ आला, सरणापाशी माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, तू सांग, तसं करू." घाटावरच्या त्या वाक्याबद्दल त्यानंही काढलं नाही, मीही काढलं नाही. काढायला हवं होतं.

वडिलांनी एकदा तरी म्हटलं असतं, "मला काहीही चालेल," तर ती नऊ वर्षं वाचली असती. त्यांचं न बोलणं हे वैराग्य होतं की नुसता संकोच, मला माहीत नाही. पण ओझं आमच्यावर आलं. आणि परंपरेत तरी असं कुठं म्हटलंय की आधी विचार करू नये? संन्यास घेणारा आपलं श्राद्ध जिवंतपणी स्वतःच्या हातानं करतो. आपली गुरुपरंपरा त्याच यतींची. त्यांनी अग्नी सोडलेला, म्हणून त्यांना दहन नाही. त्यांना भूसमाधी किंवा जलसमाधी. आपण गृहस्थ. लग्नात ज्याच्या साक्षीनं सात पावलं चाललो त्याच अग्नीत आपला शेवट. अंत्येष्टी म्हणजे तरी काय, शेवटची इष्टी, शेवटचा यज्ञ. यजमान आणि समिधा त्यात एकच, एवढाच फरक.

दहनाविषयी आपण बोलत नाही म्हणून त्याची भीती वाटते. प्रत्यक्षात जे घडतं ते साधं आहे. देहात अर्ध्याहून अधिक पाणी असतं, ते आधी वाफ होऊन जातं. मग मांस-मेद जळतो. उरतो तो हाडांचा क्षार. लाकडाच्या सरणाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं आणि ते निवायला रात्र जाते. विद्युतदाहिनीत आच ८०० ते १००० अंशांपर्यंत चढते, दीड-दोन तासांत सगळं होतं. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणींवर दहन होतं. होळीच्या सुमारास घरं आणि मंडळं होळी लहान करून शेणी स्मशानासाठी देतात. मीही दरवर्षी पाच-दहा देतो. त्या कुणाच्या अंगावर रचल्या जाणार, हे देताना माहीत नसतं. लाकूड असो, शेणी असोत, वीज असो, शेवटी मोठ्या माणसाचं जे हाताला लागतं ते दोन-तीन किलो. जन्मलो तेव्हा सुईणीनं जेवढं उचललं असेल, जवळपास तेवढंच.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्या अवधूताला आपण दत्तप्रभूच मानतो, आणि एकनाथी भागवतात नाथांनी ते सारं मराठीत उलगडून ठेवलं आहे. त्यात अग्नी गुरू आहे. जे पडेल ते खातो आणि मळत नाही. ज्या काष्ठात शिरतो त्याचा आकार घेतो, पण त्याला स्वतःला आकार नाही. असल्या अग्नीला चंदन आणि शेणी यांत डावं-उजवं कसलं? ते आपल्याला असतं. घाटावर मी भावाला बोललो ते शास्त्र नव्हतं. मी वेळेवर पोचलो नाही, याचा राग होता तो.

तर दोन वर्षांपूर्वी, छातीत पेसमेकर बसवून घरी आलो तेव्हा, मी वही घेतली आणि लिहायला बसलो. चार पानं झाली. शेणींवरच दहन. अस्थी नृसिंहवाडीच्या संगमात, थोड्या गाणगापूरला भीमा-अमरजेत, थोड्या काशीला. दहावा वाडीलाच. तेराव्याला अमुक इतकी पानं. रोज सायंकाळी गुरुचरित्राचं वाचन, तेही अमक्याच गुरुजींकडून. लिहून झाल्यावर मोठं समाधान वाटलं. आपण निर्लेप आहोत असंही वाटलं, हे कबूल करतो.

हिनं वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, हे सगळं करायचं कुणी? तेव्हा तुम्ही नसणार. मी असणार, गुडघे दुखत असलेली. पोरगा बंगळूरहून येणार चार दिवसांची रजा टाकून. तो काशीला कधी जाईल? आणि नाही गेला तर जन्मभर मनाला लावून घेईल. तुम्ही काय सोडून चाललाय, की धरून बसलाय?"

जाणत्यांचा आक्षेप हाच होता, पण तो माझ्या घरातून, माझ्या वहीवर बोट ठेवून आला. रात्रभर विचार केला. तयारीत दोष नव्हता. पण मागच्यांचं ओझं उतरवणाऱ्या सूचना वेगळ्या आणि मेल्यावरही त्यांच्याकडून राबवून घेणाऱ्या वेगळ्या. वडिलांनी पहिल्या प्रकारची एकही दिली नव्हती. मी दुसऱ्या प्रकारच्या चार पानं लिहिल्या होत्या. सकाळी एकेक ओळ घेऊन विचारलं, ही कुणासाठी? बहुतेक माझ्यासाठीच निघाल्या. खोडल्या.

आता अर्धं पान उरलं आहे. पेसमेकर दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यावा, आत राहिला तर आचेनं त्याची बॅटरी फुटते. हे पहिलं, कारण घाईत हेच विसरतं. घरी गेलो तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलवावं, त्यांच्या दाखल्याशिवाय पुढं काही हलत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. आधारची प्रत आणि खर्चाचे पैसे देवघरातल्या फडताळात एका पाकिटात आहेत. मुलासाठी बारा-बारा तास थांबू नये. मुलगी सांगलीत आहे, ती तासा-दीड तासात येते, तिनं अग्नी द्यावा. दहन जिथं, जसं सोयीचं पडेल तसं. कावळा शिवला नाही तर दर्भाचा करावा आणि कुणी कुणाला काही बोलू नये. हे शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं आहे. अस्थींचं वाडीपुरतं ठेवलं, तेही "जमल्यास" असा शब्द घालून. तेवढी एक ओळ माझ्यासाठी राहू दिली.

हे भावाला फोनवर वाचून दाखवलं. दर्भाच्या कावळ्यापाशी तो जरा थांबला, मग म्हणाला, "बरं केलंस."

लेख इथं संपवता आला असता. पण गेल्या चातुर्मासात हिनं एक कागद माझ्यापुढं ठेवला. वैद्यकीय महाविद्यालयाचा देहदानाचा अर्ज, स्वतःचं नाव-गाव भरलेला. "मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं," म्हणाली, "आणखी थोडं शिकवीन." खाली नातेवाइकाच्या संमतीची जागा रिकामी होती. देहदान माणूस स्वतः ठरवतो खरा, पण त्या घडीला जवळचे नको म्हणाले तर होत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे नुसती सही नव्हे, त्या दिवशी मीच उठून फोन करायचा.

मी म्हणालो, मग अग्नी नाही, अस्थी नाहीत, वाडी नाही. मी संगमावर काय घेऊन जाऊ? ती म्हणाली, "परवा तुम्हीच नाथांचं भागवत वाचून दाखवलंत ना? चोवीस गुरू झाल्यावर अवधूत आपल्या देहालाही गुरू म्हणतो. हा देह शेवटी परक्याचा आहे हे त्यानं शिकवलं, म्हणून." वाचलं होतं खरं. अर्थही समजावून सांगितला होता, उदाहरणं देऊन.

गुरुजींना विचारलं. देह हाती नसेल तर पालाशविधी करता येतो, शास्त्रानं ती सोय ठेवली आहे, पुढची क्रिया सगळी होते, असं ते म्हणाले. म्हणजे धर्माची अडचण नाही. दधीचीनं हाडं दिली ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो, तीही अडचण नाही. अडचण माझ्या हाताची आहे. स्वतःच्या चार पानांचं अर्धं पान मी एका सकाळीत केलं. हिच्या एका कागदाला चार महिने झाले.

तो अर्ज सध्या गुरुचरित्राच्या पोथीत आहे. सप्ताहात तिसावा अध्याय येतो. माहूरचं जोडपं गाणगापुरी येतं, पती वारतो, आणि एक तापसी त्या शोक करणाऱ्या स्त्रीला पंचमहाभूतांच्या देहाचं खरं स्वरूप समजावतो. आपण पुढचा चमत्कार लक्षात ठेवतो, पती उठून बसतो तो. तापसी आधी काय सांगून गेला ते वाचताना घाई करतो. यंदा तिथं पोचलो तेव्हा कागद त्याच पानात निघाला. बाजूला ठेवून अध्याय पुरा वाचला आणि तो परत आत ठेवला. सही अजून केलेली नाही. ही समोरच वाती वळत बसली होती. तिनं पाहिलं, विचारलं नाही.