बातमीचा मक्ता

१८४९-५० च्या हिवाळ्यात अवधच्या मुलखातून दौरा करीत असता लखनौचा रेसिडेंट विल्यम स्लीमन याने बादशहाच्या बातमी-खात्याचा जो हिशेब टिपून ठेवला, तो आजही विचार करावयास लावणारा आहे. राज्यभर सुमारे ६६० अखबारनवीस, म्हणजे बातम्या लिहून धाडणारे, नेमलेले. सर्वांचा मिळून दरमहा पगार ३,१९४ रुपये, म्हणजे माणशी पाच रुपयेदेखील नव्हेत. आणि हीच मंडळी आपल्या मुख्याधिकाऱ्यामार्फत दरबारातील वजनदारांना सालीना दीड लाखाहून अधिक रक्कम पोहोचवीत. पगाराच्या जवळजवळ चौपट पैसा वर जात असेल, तर तो कोठून येत असावा हे उघड आहे: महसूल वसूल करणाऱ्या ज्या चकलेदाराच्या जुलमाची हकीकत लिहावयाची, तोच ती न लिहिण्याचे मोल देई. नावाला सरकारी चाकरी, व्यवहारात मक्ता.

हे टिपणाराही निःस्पृह साक्षीदार नव्हता. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा तो नोकर, तिने १८३३ नंतर व्यापार सोडला तरी ती लंडनच्या भागधारकांचीच होती, आणि रेसिडेन्सीतून गेलेल्या अहवालांच्याच आधारावर, खुद्द स्लीमनचा विरोध असतानाही, १८५६ च्या फेब्रुवारीत अवध खालसा झाले.

पुढे राणीच्या अमदानीत १८८५ चा तार कायदा आला आणि चोरून ऐकणे हा केवळ सरकारचा अधिकार ठरला. तो अधिकार परकीय सत्तेच्या दडपशाहीचा होता, यात शंका नाही. परंतु तो कोणी वापरला हे विचारता येण्याजोगे एक ठिकाण त्यामुळे निर्माण झाले, आणि त्याच ठिकाणी बोट ठेवून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्याच्या हुकुमावर गृहसचिवांची सही व पुनर्विलोकन समितीची तपासणी बंधनकारक केली.

त्यानंतर जग मात्र उलट्या दिशेने, खाजगी हातांकडे, निघाले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर खात्याने इन-क्यू-टेल ही संस्था खाजगी उद्योगांत भांडवल घालण्यासाठीच उभी केली. २००३ मध्ये तिने ज्या कीहोल कंपनीला पैसा पुरविला, तिचा नकाशा पुढे गूगल अर्थ झाला, आणि आज आपला शेतकरी त्यावर आपल्या शेताचा बांध पाहतो.

लखनौलाही हे वारे लागले. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी ‘त्रिनेत्र’ हे ॲप सुरू केले. शिपायाने मोबाईलवर छायाचित्र घ्यावे आणि सुमारे पाच लाख गुन्हेगारांच्या नोंदींशी तो चेहरा ताडून पाहावा, अशी ही व्यवस्था गुरुग्रामच्या स्टाकू या खाजगी कंपनीने रचली. जानेवारी २०२१ मध्ये तर स्त्रीच्या मुद्रेवरील भय ओळखून चौकीला खबर देणारे कॅमेरे शहरातील सुमारे दोनशे ठिकाणी बसविण्याचा मनोदय लखनौ पोलिसांनी जाहीर केला. हे गुप्तचर खाते नव्हे, पोलीस आहेत, आणि त्यांच्या हेतूवर मी संशय घेत नाही. परंतु भय कोणते आणि नुसता उन्हाचा त्रास कोणता, याचा निवाडा फौजदाराने नव्हे, दूरच्या कचेरीतील अभियंत्याने आधीच करून ठेवलेला असतो. तो निवाडा कसा केला हे विचारावयास जावे, तर माहिती अधिकाराच्या कायद्यातील व्यापारी गुपिताचे कलम आड येऊ शकते.

२०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरी २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्याच्या सतराव्या कलमाने एखाद्या सरकारी यंत्रणेला त्या कायद्यातून वगळण्याची मुभा केंद्राने आपल्याकडे ठेवली आहे. म्हणून निदान पोलिसांचे खाजगी कंपन्यांशी होणारे असे करारनामे, त्यांतील चुकांच्या प्रमाणासह आणि नोंदींचा मालक कोण या खुलाशासह, लखनौच्या विधानसभेच्या पटलावर ठेवले जावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.