‘राजी’चे परीक्षण आणि असुराचा प्रश्न

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने घडवलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला संगणकावर व इतर यंत्रांवर उपलब्ध झाला. हा कथाप्रधान साहसी खेळ आहे, म्हणजे खेळणारा एका पात्राची सूत्रे हाती घेतो आणि अडथळे, कोडी व झुंजी पार करीत गोष्ट शेवटाकडे नेतो. त्याच्या परीक्षणांचा सूर बहुतांशी एकच होता : रूप देखणे, झुंज कच्ची. राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे महाल, पहाडी चित्रशैलीशी नाते सांगणारे रंग, मधल्या कथाभागांसाठी योजलेल्या छायाबाहुल्या यांची मनापासून स्तुती झाली, तर हल्ल्यांचा तोचतोपणा, चार-पाच तासांत आटोपणारा आवाका आणि अर्ध्यावर तुटल्यासारखा शेवट यांवर बोट ठेवले गेले. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांतही तो होता. परीक्षणांचा हा निवाडा चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. आणि त्याचे अपुरेपण मराठी वाचकाला जितके सहज दिसू शकते, तितके तो निवाडा देणाऱ्यांना दिसणे कठीण होते.

खेळाची गोष्ट साधी आहे. राजी आणि गोलू ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ भावंडे आहेत. राक्षसांचा हल्ला होतो, गोलूला पळवून नेले जाते आणि दुर्गा व विष्णू यांच्या वरदानाने शस्त्रे मिळालेली राजी महाबलासुराच्या दिशेने निघते. तिचे लढणेही कसरतीचेच आहे : खांबाला धरून ती गरकन फिरते, भिंतीवर दोन पावले चढून उलटी झेप घेते आणि त्रिशूळ रोवत शत्रूंच्या घोळक्यात उतरते. वाटेत भिंतीवर एखादे चित्र लागते, राजी त्याच्यासमोर उभी राहिली की दृश्य संथपणे मागे सरकते, संपूर्ण चित्र नजरेत येते आणि दुर्गा व विष्णू त्या चित्रातली कथा एकमेकांना सांगू लागतात. कित्येक परीक्षकांना हे संवाद पाल्हाळिक वाटले, खेळाचा वेग अडवणारे वाटले.

ज्याने कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी पाहिली आहे, त्याला मात्र हे थांबणे ओळखीचे वाटते. ठाकर समाजातील कथेकरी चित्रांची पोथी समोर घेऊन बसतो, एक चित्र उभे करतो, वाद्यांच्या साथीने त्यातला प्रसंग गाऊन-बोलून उलगडतो आणि तो पुरता सांगून झाल्यावरच पुढचे चित्र घेतो. तिथे चित्र हेच कथेचे पाऊल असते. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर या कलेचे नाव सर्वदूर गेले, पण तिच्यातून मिळणारा निकष, म्हणजे चित्रापुढे कथा किती वेळ थांबवावी आणि सांगणाऱ्याचा आवाज कसा असावा हा विचार, खेळांच्या परीक्षणात कोणी आणला नाही. तो आणला असता तर ‘राजी’वरचा आक्षेप अधिक नेमका झाला असता. उणीव थांबण्यात नाही. थांबल्यावर जे ऐकू येते त्यात कथेकऱ्याची लय नाही, निव्वळ माहिती आहे.

याहून मोठा प्रश्न खलनायकाचा आहे. पाश्चात्त्य परीक्षकाच्या दृष्टीने असुर म्हणजे पाडायचा शत्रू, मग त्याची ताकद किती, त्याच्या चाली किती, एवढेच मोजायचे उरते. महाराष्ट्रात असुर इतक्या सरळपणे शत्रू राहिलेला नाही. बलिप्रतिपदेला इथल्या शेतकऱ्यांच्या घरात बळीचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा बोलली जाते, आणि हा बळी विष्णूच्या वामनावताराने पाताळात दडपलेला असुरांचा राजा आहे; जोतीराव फुले यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्यालाच न्यायी राजा आणि वामनाला आक्रमक ठरवले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात बांधावरच्या शेंदरी म्हसोबाचे महिषासुराशी असलेले नाते तपासले. ज्या भूमीत दुर्गेने मारलेला महिषासुर आणि शेताची राखण करणारा म्हसोबा यांच्यात असे नाते शोधता येते, तिथल्या संस्थेने रचलेल्या खेळात विष्णू नायिकेच्या पाठीशी उभा असावा आणि खलनायकाचे नाव महाबलासुर असावे, हे नुसते योगायोगाचे म्हणून सोडून देता येत नाही. खेळातला महाबलासुर म्हणजे बळी नव्हे. पण नावातला तो पडसाद मराठी कानाला ऐकू येतो आणि त्याचा जाब विचारणे हे समीक्षेचे काम आहे.

हा प्रश्न म्हसावदसारख्या गावातून पाहिला की त्याला धार येते. शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. या मुलखात घरात भिलोरी, पावरी, अहिराणी किंवा गुजरी, शाळेत मराठी आणि मोबाइलच्या पडद्यावर हिंदी-इंग्रजी असा भाषांचा क्रम असतो. याच तालुक्यात १९७०च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. सातपुड्यातले आदिवासी याहामोगीला आपली देवी मानतात, तिच्या देवमोगऱ्याच्या यात्रेला जातात, आणि त्यांच्या देवकथा पुराणांतल्या देव-दानवांच्या चौकटीत नेमक्या बसत नाहीत. म्हसावद या नावाचा म्हसोबाशी संबंध असो वा नसो, इथल्या मुलाला रानात राहणारा आणि देवांशी भांडणारा तो दुष्ट, हे समीकरण विचार न करता स्वीकारायला लावणे ही लहान गोष्ट नाही.

अर्थात हा खेळ त्या मुलापर्यंत पोचण्याची वाटही सोपी नव्हती. स्विच हे यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकले जात नव्हते, आणि इथे खेळणे म्हणजे मुख्यतः मोबाइलवर खेळणे. ‘राजी’ आला त्याच सुमारास, २ सप्टेंबर २०२० रोजी, पब्जी मोबाइल या खेळावर बंदी आली होती आणि देशातली खेळांची सारी चर्चा त्याभोवतीच फिरत होती. त्यामुळे ‘राजी’चे पहिले वाचन परदेशात, इंग्रजीत झाले, आणि तेच त्याचे प्रमाण वाचन ठरले. मराठीत नाट्यसमीक्षेची, चित्रपट-परीक्षणाची, तमाशाच्या चिकित्सेचीही परंपरा आहे. खेळ मात्र मुलांच्या व्यसनाच्या सदरात टाकले गेले.

परीक्षणांचा परिणाम होत नाही असे नाही. २०२२च्या सुधारित आवृत्तीत झुंजीची मांडणी सुधारली आणि हिंदी आवाजही आला. कच्च्या झुंजीबद्दलची तक्रार वारंवार झाली होती आणि ती निर्मात्यांपर्यंत पोचली. दुर्गा आणि विष्णू आता हिंदीत बोलतात. महाबलासुर मात्र होता तसाच आहे, कारण त्याच्याविषयी विचारण्यासारखे जे होते, ते ज्या भाषांमध्ये सुचते त्या भाषांतून परीक्षण झालेच नाही.