गायवाल्या बाईला विमा होता का?

"महाराष्ट्रात आता विमा नसलेला माणूस शोधून दाखव," मी ताईला म्हणालो. "जनआरोग्य योजनेत पिवळं, केशरी, पांढरं, सगळी रेशनकार्डं आली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरुवात झाली तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता ५ लाख."

ताई सात वर्षं एका रुग्णालयात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र होती. "तू माणसं मोजतोयस की कार्डं?"

"दोन्ही मोजून झालंय. २०२१ मध्ये नीती आयोग म्हणाला, देशात ७० टक्के लोकांना कुठला ना कुठला विमा आहे. उरले ३० टक्के, सुमारे ४० कोटी. त्याच सुमाराला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने घरोघर विचारलं, तर निदान एकाचा तरी विमा असलेली घरं ४१ टक्केच निघाली. म्हणजे बऱ्याच जणांचं नाव यादीत आहे, पण त्यांना ते ठाऊक नाही. वडिलांनी ठेवलेली एफडी मुलाला माहीत नसली तरी ती त्याचीच ना?"

"एफडीचं पासबुक दहा वर्षांनी सापडलं तरी पैसे मिळतात. इथे पेशंट दाखल असतानाच कागद जावे लागतात, मंजुरी यावी लागते. एक बाई गाय विकून नवऱ्याच्या ऑपरेशनचं बिल भरून आली. ऑपरेशन योजनेत बसत होतं, नाव कार्डावर होतं. पण तो घरी गेलेला. मी काय देणार होते? तिला विमा होता म्हणशील?"

"हक्क होता."

"हक्काने गाय वाचली नाही."

मी तरी अडून बसलो. योजनाच नसणं आणि असलेली न कळणं, यांत फरक करायलाच हवा. पहिल्याला तिजोरीतून पैसे लागतात, दुसऱ्याला दारात येऊन सांगणारं माणूस. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले तर उपाय कशावर करायचा?

"बरं, आशाताईंनी दारोदार जाऊन सांगितलं. आता नवी सून घे. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालं, सासरच्या कार्डावर अजून चढलं नाही. तिला योजना पाठ आहे. तिला कुठे घालशील?"

"नाव चढवता येतं."

"तोवर अपघात थांबतो?"

मी त्या ४० कोटींकडे वळलो. गरिबांच्या यादीत न बसणारे, थोडंफार कमावणारे. परवडत असून पॉलिसी घेतली नाही, तर ती मिळत नाही असं कसं म्हणायचं?

"आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. आणि त्याचा खरा खर्च महिन्याच्या गोळ्यांचा. तो योजनेत नाही, साध्या पॉलिसीतही नाही."

"मग तुझ्या हिशेबाने कुणालाच विमा नाही!"

"तसं नाही. माझ्यासमोर कित्येकांची बायपास एक रुपया न भरता झाली. ते खोटं कसं म्हणू?"

फरक करायला हवा, हे मी अजूनही मानतो. पण गायवाली बाई मला कुठे घालता येत नाही. सर्वेक्षणवाले ऑपरेशनच्या आधी तिच्या दारात आले असते तर ती 'विमा नाही' म्हणाली असती, नंतर आले असते तर 'आहे'. यादीत तिचं नाव दोन्ही वेळा होतं.