सांगून मोकळे होणे

आपल्या नित्याच्या बोलण्यात 'आम्ही सांगून मोकळे झालो' हे वाक्य वारंवार येते. ते उच्चारणाराच्या मुद्रेवर बहुधा समाधान असते आणि ऐकणारासही त्यात काही गैर वाटत नाही. वडिलांचा, वरिष्ठाचा किंवा मित्राचा एखादा बेत घातक आहे असे दिसले. आपण तसे एकदा स्पष्ट बोललो. त्याने ऐकले नाही. पुढे व्हावयाचे ते झाले. यात बोलणाराने आपले कर्तव्य केले, दोष न ऐकणाराचा, असा हिशेब आपण सर्वजण मांडतो. हा हिशेब बरोबर आहे काय, केवळ सांगण्याने मनुष्य खरोखर मोकळा होतो काय, हा प्रश्न आम्हांस आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. प्रश्न जुनाच आहे; परंतु त्याची तपासणी करण्यास विमानविद्येने जे साधन पुरविले आहे ते इतरत्र दुर्मिळ होय. घरातले व कचेरीतले बोलणे वाऱ्यावर विरून जाते आणि मागाहून जो तो आपल्या सोयीने ते आठवतो. विमानाच्या चालककक्षातील शब्द मात्र यंत्रात मुद्रित होऊन राहतात. कोण काय बोलला, केव्हा बोलला आणि बोलल्यावर त्याच्या हातांनी काय केले, हे तेथे सेकंदागणिक कळते.

7 मे 2019 रोजी रात्री भारतीय वायुसेनेचे एएन-32 जातीचे एक मालवाहू विमान मुंबईहून बंगळूरच्या येलहंका तळाकडे निघताना धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही, आणि लोक ती गोष्ट लवकरच विसरले. हा प्रसंग उड्डाणाच्या वेळचा. उतरतानाचा याहून बोधप्रद प्रसंग 23 जानेवारी 2012 रोजी अफगाणिस्तानात शँक येथील लष्करी तळावर घडला. अमेरिकन वायुदलाचे सी-17 हे प्रचंड मालवाहू विमान तेथे उतरले, परंतु पट्टी संपली तरी थांबले नाही. पट्टीच्या टोकापासून सुमारे 700 फुटांवर एका बांधावर ते जाऊन टेकले. माणसे वाचली, विमानाच्या दुरुस्तीस नऊ महिने आणि सुमारे 7 कोटी डॉलर लागले. कारण पाहू गेल्यास ते अंकगणिताचे होते. विमानाचा वेग अधिक होता, आणि त्या वेगाने उतरल्यास थांबावयास जेवढे अंतर लागेल त्याहून ती पट्टीच आखूड होती. ही गोष्ट चालकवर्गापैकी कोणाच्याही ध्यानी आली नाही.

चालत्या वस्तूची गतिशक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढला की जी शक्ती ब्रेकांनी जिरवावयाची ती एकवीस टक्क्यांनी वाढते. आमच्या करमाळ्यास विमानतळ नाही. पण उसाच्या हंगामात टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उताराला लागलेला ज्याने पाहिला आहे, त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. असे वाहन थांबवावयाचा निर्णय उतार लागण्यापूर्वी घ्यावा लागतो. उतार लागल्यावर घेतलेला निर्णय ही केवळ इच्छा असते.

शँक येथे प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो विचारला गेला आणि तरीही अनर्थ टळला नाही, असा प्रसंग आपल्याच देशात 7 ऑगस्ट 2020 रोजी केरळातील कोळिकोड येथे घडला. ते विमान लष्करी नव्हते. दुबईहून 190 जणांना घेऊन ते येत होते. मुख्य वैमानिक मात्र मराठी घरातील, भारतीय वायुसेनेत अनेक वर्षे नावाजलेला असा होता. पाऊस पडत होता. उतरण्याचा पहिला प्रयत्न त्याने शहाणपणाने सोडून दिला. दुसऱ्या खेपेस, पाठीमागून वारा असताना, विमान उतरू लागले आणि 8,858 फूट लांबीच्या पट्टीवर 4,438 फूट गेल्यावर त्याची चाके टेकली. अर्धी पट्टी मागेच पडली होती. विमान टोकावरून पठाराच्या खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह 21 माणसे मृत्यू पावली. 2021 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशीच्या अहवालात संभाव्य कारण सांगताना दोन गोष्टी जोडीने मांडल्या आहेत. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले असताही मुख्य वैमानिकाने तसे केले नाही, ही पहिली. आणि सांगूनही तो ऐकत नाही हे दिसत असता सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही, ही दुसरी. संस्थेच्या व्यवस्थेतील उणिवांकडेही दुर्लक्ष करता येत नाही, असे अहवालाने नमूद केले आहे. ते दोघेही आज हयात नाहीत, आणि काही सेकंदांत घडलेल्या गोष्टीचा आरामखुर्चीत बसून न्याय करणे आम्हांस शोभणार नाही. आमचा रोख त्या दोघांवर नसून अहवालातील त्या दुसऱ्या वाक्यावर आहे.

ते वाक्य आपल्या नीतिकल्पनेस धक्का देणारे आहे. आपल्या हिशेबाप्रमाणे सहवैमानिक सांगून मोकळा झाला होता. विमानविद्येचा हिशेब म्हणतो की तो मोकळा झाला नव्हता.

यावर एक आक्षेप सहज सुचेल, आणि तो हलका नाही. वयाने व अनुभवाने पुष्कळ मोठ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या हातातून धाकट्याने सुकाणू हिसकावून घ्यावे, हे सांगणे सोपे आहे. परंतु एका सुकाणूवर दोघांचे हात पडले तर नौका अधिकच लवकर बुडावयाची. धाकट्याचा समज चुकीचा असला तर काय? आणि ज्याला त्याला आपलेच खरे वाटू लागले तर शिस्त म्हणून काही उरेल काय? लष्करात तर आज्ञापालन हाच पाया. हा आक्षेप केवळ भित्र्यांचा आहे असे म्हणून चालणार नाही.

विमानविद्येने याला दिलेले उत्तर फार किमतीने मिळालेले आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन अवाढव्य विमाने एकमेकांवर आदळून 583 माणसे मेली. त्यांतील एका विमानाच्या अभियंत्याने, समोरचे विमान पट्टीवरून बाजूस झाले आहे ना, अशी शंका विचारली होती. कप्तानाने ठासून होकार दिला, आणि शंका तेथेच विरली. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांच्या शिक्षणाची रीतच बदलत गेली. वेग, उंची, उतार यांच्या मर्यादा आधीच ठरवावयाच्या. त्या ओलांडल्या गेल्या तर दोघांपैकी कोणीही 'गो-अराउंड' म्हणावे. ते म्हटले गेले की वाद न घालता विमान वर न्यावयाचे. आणि चालविणाराने तसे न केल्यास दुसऱ्याने नियंत्रण घ्यावयाचे. या रीतीतील मर्म असे की, धाकट्याने हात घालणे हे येथे बंड राहत नाही. तो अधिकार थोरल्याने त्यास जमिनीवर असताना, शांत चित्ताने, आगाऊ देऊन ठेवलेला असतो. ऐन वेळी धाकटा थोरल्याविरुद्ध उभा राहत नसून, थोरल्यानेच आदल्या दिवशी दिलेल्या वचनाच्या बाजूने उभा राहतो.

म्हणून आमच्या मते या प्रश्नातील अधिक जबाबदारी थोरल्याकडे जाते. 'मला वाटेल ते स्पष्ट सांगा' एवढे म्हणणारे वडील व वरिष्ठ आपल्याकडे पुष्कळ आहेत. 'मी ऐकले नाही तर माझा हात धरा, मी रागावणार नाही' असे म्हणणारे थोडे. आणि असे म्हटल्यावर, खरोखर हात धरला असता न रागावणारे त्याहून थोडे. ज्या घरात मुलाने एकदा शंका काढली आणि चार दिवस सर्वांसमोर त्याची थट्टा झाली, त्या घरात पुढील वेळी मुलगा बोलेल ते हळू बोलेल, आणि बोलून गप्प बसेल. भर सभेत द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे बोलणारा विकर्ण कौरवांपैकीच होता. कर्णाने त्याचे बोलणे पोरकट म्हणून उडविले आणि तो स्वर तेथेच बुडाला. पुढे तोच विकर्ण कौरवांच्या बाजूने लढून भीमाच्या हातून मेला, आणि मारणाऱ्या भीमासही त्याचे वाईट वाटले. त्याच्या बोलण्याचे मोल कमी नाही. परंतु त्या बोलण्याने तो मोकळा झाला नाही, हेही व्यासांनी लपविलेले नाही.

आता हात घालावयाचा तो केव्हा? प्रत्येक शंकेस हा अधिकार देता येणार नाही. तसे केले तर संसारही चालावयाचा नाही. घरात कोणत्या रंगाचा चुना द्यावा याबद्दलचा आपला विरोध एकदा बोलून सोडून द्यावा हेच बरे. परंतु जेथे हानी झाल्यावर भरून येण्यासारखी नाही, जेथे पट्टी संपत आली आहे, आणि जेथे हानी भोगणारा त्या संभाषणात मुळीच नाही, तेथे बोलून थांबणे पुरेसे नाही. या तिहींत शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्रिका छापून झाल्या आहेत. मुलाच्या व्यसनाविषयी मावशीस पक्के ठाऊक आहे. ती मुलीच्या वडिलांच्या कानावर एकदा घालते, ते म्हणतात 'आता फार पुढे गेले', आणि मावशी गप्प राहून अक्षता टाकावयास येते. किंवा थोरला भाऊ सामाईक जमीन गहाण टाकून कर्जावर कर्ज काढतो; धाकटा एकदा हटकतो आणि पुढील कागदावर निमूटपणे सही करतो. मावशीने मुलीच्या वडिलांस सांगितले, पण मुलीस सांगितले नाही. धाकट्याने भावास सांगितले, पण त्याची सही ज्यांच्या भाकरीवर पडली ती पोरे अंगणात खेळत होती.

'सांगून मोकळे झालो' या वाक्याचा दोष येथे उघड होतो. ज्याला सांगितले त्याच्यापुरते आपण कदाचित मोकळे होत असू. कोळिकोडच्या विमानात मात्र दोन आसने पुढे होती आणि बाकीची सर्व मागे. त्यांवर बसलेल्यांपैकी कोणालाही पुढे काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. आपले कर्तव्य कोणाशी होते, वडिलांशी की त्यांच्यामागे बसलेल्यांशी, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. आणि घरात ज्यांचा शब्द अखेरचा मानला जातो त्यांनी, आपला हात धरण्याची मुभा आजवर आपण कोणास दिली आहे, हे एकदा आठवून पाहावे.