तुकडा आणि टोचणी

स्वर्गाच्या दारी आलेला युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला बाहेर सोडून आत पाऊल टाकावयास नकार देतो, दत्तात्रेयांच्या पायांशी चार वेद चार श्वानांच्या रूपाने बसतात, खंडोबाच्या मूर्तीशेजारी त्याचे कुत्रे असते आणि पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. एवढी परंपरा पाठीशी असताना, त्याच कुत्र्याच्या कातडीखाली सुई टोचावी की नाही हा प्रश्न मात्र आपण धर्माचा मानीत नाही. तो गुरांच्या दवाखान्याचा मामला समजून आपण मोकळे होतो. मला तो धर्माचाच प्रश्न वाटतो, आणि तोही बराच अडचणीचा.

मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या वडनेर भोलजीसारख्या गावी कुत्र्याची मालकी कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. सकाळी एका ओसरीवर, दुपारी खळ्यात आणि रात्री ढाब्यापाशी पडून राहणारे हे जनावर कोणाचे, असे विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील. पण त्याला भाकरीचा तुकडा टाकणारे हात निश्चित असतात, आणि त्या हातांना आपण पुण्य करीत आहो याविषयी तिळमात्र शंका नसते.

या पुण्याचा हिशेब एकदा मोठ्या कडवटपणे मांडला गेला होता. 1926 साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने सुमारे साठ भटकी कुत्री मारविली, तेव्हा गांधीजींनी त्याचा पक्ष घेतला आणि अहिंसेच्या उपासकांचा रोष ओढवून घेतला. निराश्रित कुत्र्यापुढे तुकडा टाकावयाचा आणि त्याची पुढील जबाबदारी मात्र घ्यावयाची नाही, याला ते दया मानावयास तयार नव्हते. त्यापूर्वी जवळजवळ शतकभर, 1832 च्या जून महिन्यात, कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध मुंबईचे पारशी रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर श्वानाची दृष्टी पडावी लागते, तेव्हा त्यांचा संताप केवळ भूतदयेचा नव्हता. दोन्ही वादांत पर्याय दोनच दिसतात: मारणे किंवा मोकळे सोडणे. कुत्र्यांनाच सरसकट रेबीजची लस टोचण्याचा तिसरा मार्ग जपानने 1921 च्या सुमारास चोखाळला होता. आपल्या वादंगात त्याला स्थान मिळाले नाही.

आता हा मार्ग निष्कलंक आहे काय? मुळीच नाही. 6 जुलै 1885 रोजी पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला जी लस दिली, ती रोगाने मेलेल्या सशांचे पृष्ठरज्जू वाळवून केलेली होती आणि तिची आधीची परीक्षा कुत्र्यांवरच झाली होती. कसौलीला सेंपल यांनी तयार केलेली लस मेंढ्यांच्या मेंदूपासून निघे. पोटातल्या त्या चौदा सुयांचे भय जुन्या पिढीच्या मनातून अजून गेलेले नाही. अहिंसावाद्याने हा वारसा डोळ्यांआड करू नये. पण आज सुई नाकारल्याने ते ससे परत येत नाहीत, आणि पिसाळून मरणाऱ्या कुत्र्याच्या यातना मात्र नव्याने सुरू होतात.

याहून अवघड आक्षेप स्वार्थाचा. रेबीजची लस आपण कुत्र्याला टोचतो ती स्वतःच्या मुलाबाळांसाठी, कारण माणसाला होणारा हा रोग बहुधा कुत्र्याच्याच चाव्याने होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर वैद्यकाचे हात जवळजवळ टेकतात. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच दयेची खरी कसोटी मी दुसऱ्या लशींत पाहतो. पार्वो आणि डिस्टेंपर पिलांना मारतात, माणसाला नाही. आईच्या चिकातून आलेले संरक्षण पिलाला काही आठवडे सांभाळते, पण तेच लशीलाही निष्प्रभ करते, आणि ते केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिलाचे निराळे. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत तीन-चार आठवड्यांनी ती पुनःपुन्हा टोचावी लागते. या खटपटीतून माणसाच्या पदरी काहीच पडत नाही. मांजराची गत याहून उपेक्षित: ते आपल्या हातून मेले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे असे आपण मुलांना सांगतो, पण पॅनल्यूकोपेनियाने घरातली पिले एकामागून एक गेली तर त्याचे प्रायश्चित्त कोणी विचारीत नाही.

शिवाय या कर्माचे फळ दिसत नाही. वैशेषिकांनी पुढे अभावालाही पदार्थ मानले, आणि जे अजून उत्पन्न झाले नाही त्याच्या अभावाला प्रागभाव म्हटले. लशीचे सारे यश हा प्रागभाव टिकविण्यात आहे. गावातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना रेबीजची लस टोचली तर रोगाची साखळी तुटते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु त्या सत्तरांपैकी कोणत्या सुईने कोणते मूल वाचले हे चित्रगुप्तालाही लिहिता यावयाचे नाही. तुकडा टाकला की शेपूट हलते आणि दात्याला पावती मिळते. इथे पावतीच्या ऐवजी गुरगुर मिळते, आणि वर्ष उलटले की तीच गुरगुर पुन्हा ऐकावी लागते.

बेवारशी कुत्र्याच्या मालकीचा प्रश्न त्या वेळी आपोआप सुटतो, ही यातली गंमत. पशुवैद्य सिरिंज भरून उभा राहिला की पहिला प्रश्न करतो, 'धरणार कोण?' सरपंचाला ते कुत्रे जवळ येऊ देत नाही, ग्रामसेवकाला तर मुळीच नाही. मग कोणीतरी पलीकडच्या गल्लीतील म्हातारीला बोलावून आणतो, जी कालपर्यंत 'आमचं कायचं ते!' म्हणत होती. ती मानेवर हात ठेवते आणि कुत्रे उभे राहते.