दीड आटा

मनुष्याने मध्यम मार्गाने चालावे, हे वर्गात शिकवणे सोपे आहे. तो मध्य सापडावा कसा, हा प्रश्न मात्र मला मोहन्यात, वडिलांच्या जुन्या बुलेटपाशी पडला.

१९५५ साली मद्रासेत या गाड्यांची जुळणी सुरू झाली. आमची गाडी त्यानंतरची, पण आता तीही म्हातारी. रस्त्यावर पळताना तिची तक्रार नसे; उभी राहिली की धडधडून बंद पडे. मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. मी पेचकस घेऊन कार्बोरेटरला हात घालणार, तोच तो म्हणाला, “सर, थांबा. आधी दहा मिनिटं फिरवून आणा. थंड इंजिनावर ठरवलेलं सगळं चुकतं.”

थंड इंजिनाला पेट्रोल अधिक लागते. तेव्हा केलेली जुळणी इंजिन तापल्यावर खोटी ठरते. मी परत आल्यावर त्याने गाडी बंद केली, हवेचा पेच हलकेच टेकेपर्यंत आवळला, दीड आटा सोडला आणि गाडी पुन्हा सुरू केली. पेच आत घेतला की हवा घटते, गाडी गुदमरते, प्लगवर काजळी धरते. फार बाहेर काढला की हवा वाढते, गाडी अडखळते आणि बंद पडते. पुस्तकात वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा असे प्रमाण असते. त्याने पुस्तक उघडले नाही. दोन्हीकडे थोडे थोडे चुकत, कान लावून, गाडी सर्वांत मोकळी चालली तिथे तो थांबला. मग दुसऱ्या पेचाने वेग उतरवला.

“सव्वा आटा,” तो म्हणाला. “हिला एवढाच.”

मध्य म्हणजे दोन टोकांमधले मोजलेले अर्धे अंतर नव्हे, तो ज्याचा त्याचा असतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आहे. त्याचा दाखलाच समोर होता. माझे समाधान व्हायला हवे होते; झाले नाही.

हा मुलगा २००९ साली माझ्या वर्गात होता. मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना बंद झाला, ते हे वर्ष. दिवाळीनंतर हा उत्तर द्यायला उशीर लावू लागला. मी आठवड्याभरात त्याला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवले. घरी काय चालले आहे, ते विचारले नाही. पुढे कळले तेव्हा कीव येऊन त्याचा अभ्यासच माफ केला. आधी पेच पुरता आवळला होता. आता पुरता सोडला.

दोन्हीकडे चुकून मध्य शोधावा, ही रीत यंत्रापुरती ठीक आहे. पेच उलटा फिरवता येतो, आणि पेचाला काही आठवत नाही. माणसाशी वागताना चुकणे टळत नाही, हे खरे. पण पेचकस उचलण्याआधी थांबणे तरी आपल्या हाती असते.

पैसे देताना मी म्हणालो, “अरे, तुला मी एकदा मठ्ठ म्हटलं होतं.”

तो हात पुसत होता. “आठवतं, सर,” एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा गाडीचा आवाज ऐकू लागला.