आज्ञेच्या आडोशाला

सेवा करायला डॉक्टरेट कशाला लागते, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. मी पवनी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आधी जीएनएम, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग एम.एस्सी. नर्सिंग असं अडखळत शिकत आले आणि आता पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आहे. सासूबाई म्हणतात, "आता डॉक्टर होतेस का व बाई?" त्यांच्या बोलण्यात थट्टा असते, थोडं कौतुकही असतं. पण शेजारचे माळकरी काका जे विचारतात ते थट्टेवारी नेता येत नाही. सेवा करणाऱ्यानं निमित्तमात्र व्हावं, असं त्यांचं म्हणणं. करविता वेगळा, आपण नुसता हात. पदवी आली की मीपण आलं, आणि मीपण आलं की सेवा संपली.

काकांच्या बाजूनं शास्त्राचा आधारही आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत. उपचाराची माहिती, कामातली दक्षता, रोग्याबद्दल ओढ आणि स्वच्छता. यादी चांगली आहे, आजही कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर लावावी अशी. मात्र त्यापुढे चरक सांगतात की या चौघांत मुख्य वैद्यच. जाणणारा तो, आज्ञा देणारा तो, योजना करणारा तो. बाकीचे तिघे कसे, तर स्वयंपाक करणाऱ्याला भांडं, सरपण आणि विस्तव असतात तसे. म्हणजे मी चुलीजवळचं एक साधन. विस्तवानं भाजीत मीठ किती घालायचं ते ठरवू नये.

आमच्या घरात मात्र दुसरी गोष्ट सांगितली जाते. पवनी हे बुद्धाच्या वाटेवरचं जुनं गाव. १९६९-७० साली इथं उत्खनन झालं आणि जगन्नाथ टेकडीच्या पोटातून स्तूप निघाला, ब्राह्मी अक्षरांतले दानलेख निघाले. माझ्या आजोबांच्या पिढीनं १९५६ नंतर धम्म स्वीकारला आणि तेव्हापासून वर्षावासात विहारात वाचन चालतं. तिथं लहानपणी ऐकलेली ही गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे. एक भिक्खू अतिसारानं आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. तो इतरांच्या काही कामाचा नसतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, मग दोघं मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. नंतर बुद्ध भिक्खूंना सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी.

व्याख्यानांतून ही गोष्ट बहुधा इथंच थांबते. मूळ ठिकाणी ती थांबत नाही. लगेच पुढे, आजाऱ्याची शुश्रूषा करायला लायक माणूस कोण, याची पाच लक्षणं येतात. त्याला औषध तयार करता यावं. रोग्याला काय मानवतं आणि काय बाधतं ते कळावं. मानवणारं त्यानं द्यावं, बाधणारं दूर करावं. लाभासाठी नव्हे, मैत्रीच्या भावनेनं सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस करू नये. आणि वेळोवेळी धम्माचे चार शब्द बोलून रोग्याचं मन उभारी धरेल असं करावं.

मला या क्रमाचं फार नवल वाटत आलं आहे. करुणेची एवढी मोठी गोष्ट सांगून झाल्यावर पहिली दोन लक्षणं ज्ञानाची येतात. मैत्री तिसरी. घाण काढणं चौथं. आणि या प्रसंगात वैद्य कुठंच नाही. वैद्य माहीत नव्हता असंही नाही, कारण महावग्गाच्या याच खंधकाची, म्हणजे प्रकरणाची, सुरुवात जीवक वैद्याच्या सविस्तर कथेनं होते. तरीही शुश्रूषा करणाऱ्यानं वैद्याला विचारून द्यावं, असं इथं म्हटलेलं नाही. काय बाधतं ते त्यानं स्वतः जाणावं, असं म्हटलं आहे.

जाणणं आणि देणं यांत किती अंतर असतं ते मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला असताना जवळून पाहिलं. आठवा महिना लागलेली बाई झटका येत असताना आणली. डॉक्टर दुसऱ्या रुग्णासाठी बाहेर गेलेले, फोन लागत नव्हता. सोबतची म्हातारी विचारत होती, "मिरगी आहे का व सिस्टर?" दुसरा कुणीतरी बाहेरचं लागलं म्हणत होता. तिला डाव्या कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला, दाब मोजायचा पट्टा बांधला. वरचा दाब १७०, खालचा ११०. पायांवर सूज, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. घरच्यांना विचारलं, आधी कधी झटके आले होते का, नाही म्हणाले. लघवीत प्रथिनं भरपूर. मिरगी नव्हती, एक्लॅम्प्सिया होता, गरोदरपणातल्या वाढलेल्या दाबाचा झटका.

त्यावरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट. त्याच्या एका ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असतं. पहिला डोस १० ग्रॅमचा, म्हणजे दहा ॲम्प्यूल. माना मोडून पाच एका सिरिंजमध्ये, पाच दुसऱ्या, आणि दोन्ही कुल्ल्यांत खोलवर स्नायूत. हेच औषध जास्त झालं तर श्वास बंद पाडतं. म्हणून श्वास मिनिटाला १६ च्या खाली जात नाहीत ना ते मोजायचं, गुडघ्याखाली हाताच्या कडेनं हलका फटका मारून पाय उडतो का बघायचं, लघवी किती होते ते बघायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत मी हे करत होते. बाई भंडाऱ्याला पोचली, वाचली, बाळही वाचलं.

हा डोस मी मनानं दिलेला नव्हता. केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएम आणि स्टाफ नर्सला, रुग्ण पुढे पाठवण्याआधी तो देण्याची मुभा दिली आहे. कागद माझ्या बाजूनं होता. पण हा झटका कसला, ते कागदाला माहीत नव्हतं. ते त्या खोलीत कुणीतरी ठरवायचं होतं आणि मी तिथं एकटी होते. निमित्तमात्र होण्याची सोय त्या रात्री नव्हती.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं दिसायला लागलं. आज्ञेप्रमाणे काम करण्यात नम्रता असते हे खरं, पण तिथं एक आडोसाही असतो. डॉक्टरांनी लिहिलं म्हणून दिलं. लिहिलं नव्हतं म्हणून दिलं नाही. दोन्ही वाक्यं बोलणारा सुटतो. आमच्या पेशात या आडोशाची इतकी सवय लागते की काही जणी त्यालाच सेवाभाव म्हणू लागतात. रुग्णाची अवस्था डोळ्यांनी दिसत असते, काय करायला हवं ते कळतही असतं, आणि तरी आपण ठरवणारे नाही म्हणून मन निवांत असतं. हा निवांतपणा मला अहंकाराइतकाच अडचणीचा वाटतो. मोठेपणाचा हव्यास धरणारा स्वतःलाच पाहत असतो, आणि दोषापासून लांब राहणाराही स्वतःलाच जपत असतो. खाटेवरच्या माणसाला दोघांचाही उपयोग नाही.

काकांची गीता मी त्यांच्याकडूनच ऐकली आहे. अकराव्या अध्यायात अर्जुनाला निमित्तमात्र हो म्हटलं आहे, ते काका नेहमी सांगतात. अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. निमित्त व्हायला सांगितलेल्या माणसाकडूनही शेवटी विचार आणि निवड मागितलीच आहे. हे मी काकांना म्हटलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वाच अजून."

परिचारिकेनं स्वतः ठरवावं का, हा प्रश्न जगात आधीच सुटायला लागला होता. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला. फोर्ड यांनी खेड्यांत सार्वजनिक आरोग्याचं काम केलेलं होतं. डॉक्टर नसलेल्या भागात मुलं तपासणारी, निदान करणारी, उपचार ठरवणारी परिचारिका त्यांना हवी होती. पुढे तिथं अशा कामासाठी डॉक्टरेटही आली. ती संशोधनाची नव्हे, प्रत्यक्ष रुग्णसेवेची. २००४ साली तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेनं २०१५ पर्यंत सगळ्या प्रगत परिचारिका या पदवीवर न्याव्यात असं ठरवलं. ते पुरतं झालं नाही, बरीच जणं अजून मास्टर्सवरच काम करतात. आपल्याकडे वाट वेगळी आहे. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पदव्युत्तर. प्रसूतीसेवेतला, २०१८ च्या धोरणानंतरचा, अठरा महिन्यांचा. पीएच.डी. आहे ती संशोधनाची. ती करून मला एक गोळीही जास्त लिहून देता येणार नाही.

मग ती का करायची, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासोबत दोन आक्षेप येतात. पहिला डॉक्टरांचा: अर्धवट ज्ञान घातक. २०१९ च्या वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात सामुदायिक आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याचं कलम आलं तेव्हा डॉक्टरांनी देशभर संप केला होता. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. दहा ॲम्प्यूल भरताना मलाही तीच भीती वाटत होती. पण अर्धं ज्ञान घातक असेल तर ते पुरं करायला हवं. अर्ध्यावर थांबवून वर अधिकार नाकारला, तर खेड्यातल्या रुग्णाच्या वाट्याला अर्धंच येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. शिकलेली परिचारिका रुग्णापासून दूर जाते. आपल्याकडे पीएच.डी. झालेल्या बहुतेक जणी प्राध्यापक होतात, प्राचार्य होतात, आणि खाट धुण्याचं काम इतरांकडे जातं. त्या शिकवतात म्हणून आमच्यासारख्या तयार होतात, हेही खरं. पण पाच लक्षणं एकाच माणसाची सांगितली आहेत, पहिली दोन एकाची आणि चौथं दुसऱ्याचं अशी वाटून दिलेली नाहीत. ज्याला औषध कळतं त्यालाच वांतीही काढता यावी. ही कसोटी मी स्वतःला लावून ठेवली आहे.

माझ्या संशोधनाचा विषय म्हणूनच उपकेंद्रातून आला आहे. आमच्या भागात सिकलसेल बराच. चाचणीत थेंबभर रक्त द्रावणात टाकलं आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की संशय येतो, मग पक्की तपासणी करायची. राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या. पण धान कापणीच्या दिवसांत बांधावर हाडं धरून विव्हळणारा पोरगा उपकेंद्रात आला, तर पहिल्या तासात परिचारिकेनं किती करावं, काय स्वतः ठरवावं आणि कधी नागपूरच्या मेडिकलला धाडावं, हे तिला नीट लिहून दिलेलं हवं. पाणी, ऊब, वेदनाशामक, ऑक्सिजन, ताप आहे का, छातीत दुखतं का, यांची क्रमवारी अनुभवानं जमते; मला ती तपासून सिद्ध करायची आहे. २०१० च्या त्या सूचनाही कुणीतरी असाच अभ्यास करून लिहिल्या असतील, आणि त्या होत्या म्हणून मला त्या रात्री हात उचलता आला.

राहिला प्रश्न नावाआधीच्या एका अक्षराचा. पदवी मिळाली तर उपकेंद्राच्या पाटीवर 'डॉ.' लावायचं का? अमेरिकेत यावरून वाद झाले, काही राज्यांनी कायदे केले. मला उत्तर बुद्धाच्या सम्यक वाचेत, खरं बोलण्याच्या शिकवणीत, सापडतं. विद्यापीठात, शोधनिबंधावर ते अक्षर खरं असेल. उपकेंद्राच्या दारात ते वाचून एखादी म्हातारी मला एमबीबीएस समजेल, आणि तिच्या समजुतीवर माझं मोठेपण उभं राहील. म्हणून पाटीवर माझं नाव आणि खाली 'परिचारिका' एवढंच राहील. आत आल्यावर तिनं विचारलं, की हे औषध कुणी ठरवलं, तर मी सांगेन, मी ठरवलं. आणि काय बघून ठरवलं, तेही सांगेन.